सातवी सही

इस्पितळात नोकरी करणारा माणूस एकतर डॉक्टर असतो, नाहीतर नर्स, नाहीतर गेला बाजार एक्स-रे काढणारा. चौथा प्रकार नातेवाइकांच्या डोक्यात शिरतच नाही. कलमबाई त्या चौथ्या प्रकारात मोडत होत्या, आणि गेली सोळा वर्षं मोडत होत्या.

त्यांच्या दारावर 'धोरण अधिकारी' अशी पाटी होती. तीनशे खाटांच्या त्या इस्पितळात कुणी काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि केल्यावर कुठे लिहायचं, याचे नियम बाईंनी तयार करायचे. हात किती वेळ धुवायचे हा नियम त्यांचा. पेशंटला कुशीवर वळवण्याआधी त्याला तसं सांगायचं, हाही त्यांचाच. लिफ्टमध्ये आधी स्ट्रेचर जाईल आणि मग साहेब, हाही त्यांचाच, आणि त्यामुळे निम्मी साहेबमंडळी त्यांच्यावर दात धरून होती. बोलताना दर दोन वाक्यांमागे एखादं कलम यायचं, म्हणून त्या कलमबाई. त्यांच्या मागे म्हणायचे, आणि घाईत असले की तोंडावरसुद्धा.

घरी याची किंमत शून्य. आत्या दर भेटीत विचारायची, "म्हणजे इंजेक्शन तू नाही देत?" नाही म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. बाबा तर विषयच मिटवून टाकायचे. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की म्हणायचे, "दवाखान्यात असते." यावर समोरचा हळहळून किती दिवस झाले असं विचारायचा, तरी बाबांनी आपलं उत्तर काही सुधारलं नाही.

बाबा एकतीस वर्षं वजनमापं निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन काटे, वजनं, मापं तपासायची आणि खोटं निघालं की सील ठोकायचं. बाजारात त्यांना पाहून दुकानदार चहा सांगायचे आणि बाबा तो प्यायचे नाहीत. जे तराजूत घालता येतं तेवढंच काम, बाकी कागदी घोडे, असा त्यांचा साधा हिशेब होता. नियम ही पाळायची गोष्ट आहे, लिहायला वेगळा माणूस आणि त्याला वेगळा पगार कशाला, असं ते एकदा जेवताना बोलून गेले होते. त्याला चौदा वर्षं झाली. बाबा विसरले, बाई विसरल्या नव्हत्या. तो घास अजून कुठेतरी अडकलेलाच होता.

तर त्या वर्षी उपप्रशासकाची जागा रिकामी झाली, आणि तिच्यासाठी दोन नावं उरली. एक कलमबाई. दुसरे तिसऱ्या मजल्याचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे ठीकठाक म्हणत, कारण काहीही विचारा, ते "सगळं ठीकठाक" एवढंच सांगत. पाण्याची टाकी फुटली त्या दिवशीही त्यांनी तेच सांगितलं होतं, गुडघाभर पाण्यात उभं राहून. शर्ट कडक इस्त्रीचा, हसू त्याहून कडक.

इस्पितळाचे संचालक म्हणजे हाडांचे जुने सर्जन. कमी बोलायचे, आणि प्रत्येकाकडे याला प्लॅस्टर कुठे घालावं लागेल अशा नजरेने बघायचे. मुलाखतीवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी दोघांना एकच काम दिलं. इस्पितळाचं जुनं दुखणं असं होतं की बरा झालेल्या पेशंटला डॉक्टर सकाळी आठला घरी जा म्हणत आणि तो दुपारी चारपर्यंत कागदांची वाट बघत खाटेवर बसून राही. तेवढा वेळ नवा पेशंट खाली तातडीच्या विभागात स्ट्रेचरवर विव्हळत पडलेला असे. संचालकांनी सांगितलं, सोमवार ते शुक्रवार, दुसरा मजला बाईंचा, तिसरा ठीकठाकांचा. घरी जाणारा प्रत्येक पेशंट अकराच्या आत घरी गेला पाहिजे. ज्याचा मजला हे करून दाखवेल त्याचा विचार पुढच्या सोमवारी समितीत होईल.

ठीकठाकांनी तयारी काय केली ते कुणालाच कळलं नाही. बाईंनी एक हिरवी फाइल केली. त्यात पद्धत लिहिली आणि प्रत्येक पेशंटसाठी एकच कागद काढला, त्यावर सात सह्या, ठरल्या क्रमाने. डॉक्टर, वॉर्डची सिस्टर, औषधं देणारा, आहार सांगणारी, कॅश काउंटर, मजल्याच्या मोठ्या सिस्टर. आणि सातवी स्वतः धोरण अधिकाऱ्याची.

सातव्या सहीला लोक हसले. पण बाईंचा अनुभव होता. सगळीकडे कागदावर 'पेशंटला समजावून सांगितले' असं लिहिलेलं असतं आणि पेशंटला ओ की ठो कळलेलं नसतं. म्हणून त्यांनी ठरवलं, आपण स्वतः खाटेपाशी उभं राहायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. कोणत्या गोळ्या, कधी, आणि त्रास झाला तर फोन कुणाला. उत्तरं बरोबर आली तरच सही, आणि सातवी सही झाल्याशिवाय कागद पुरा नाही. त्यांच्या ऐवजी दुसऱ्या कुणी सही करावी अशी सोय त्यांनी मुद्दाम ठेवली नाही. पर्याय ठेवला की लोक आधी पर्यायच शोधतात, हेही त्या सोळा वर्षांत शिकल्या होत्या.

सगळं नीट जुळलं होतं. आणि रविवारी दुपारी बाबांच्या पोटात कळ आली.

पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करावं लागणार होतं. साऱ्या इस्पितळात एकच खाट रिकामी होती, आणि ती दुसऱ्या मजल्यावर, चौदा नंबरची. बाईंनी तिसऱ्या मजल्यावर दोनदा फोन करून पाहिला, तिथे जागा नव्हती. मग बाबा चौदा नंबरवर आले, उशाशी आई आली, आणि बाईंच्या परीक्षेच्या आठवड्याला घरचे परीक्षक लाभले.

सोमवारी तपासण्या होत्या. बाबांनी वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट वीस मिनिटांत संपवलं आणि वाचायला काहीतरी दे म्हणाले. बाईंच्या हातात दोन फाइली होत्या. एक हिरवी, आणि एक लाल, जिच्यात इस्पितळाचे जुने सगळे नियम. वाचता वाचता झोप लागेल म्हणून त्यांनी दोन्ही दिल्या. दोनशे चौदा पानं होती. बाबांनी पेन्सिल मागितली, तेव्हाच बाईंनी सावध व्हायला हवं होतं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर माणूस पाणी मागतो, बायकोचं नाव घेतो. बाबा म्हणाले, "सदतिसाव्या पानावर भेटीची वेळ चार आहे आणि नव्वदाव्यावर साडेचार." आई म्हणाली की भूल अजून उतरली नाही. बाईंनी गुपचूप पानं उघडून पाहिली. भूल उतरली होती.

बुधवारी शेजारच्या पंधरा नंबरचा बसड्रायव्हर घरी निघाला. चांगला आडदांड, गडगडून बोलणारा माणूस. सहा सह्या झाल्या होत्या, त्याने शर्ट घातला होता, बायको घरून निघाली होती. बाईंनी आपले तीन प्रश्न विचारले. त्याने नवी गोळी सकाळी घ्यायची म्हणून बरोबर सांगितलं. बाईंनी सहज विचारलं, घरी आधीचं काही चालू आहे का? आहे की, तो म्हणाला, रक्तदाबाची, पिवळ्या खोक्यातली, तीही सकाळीच. बाईंनी त्याच्या बायकोला फोन लावून, तिला अर्ध्या वाटेतून परत पाठवून, पिवळ्या खोक्यावरचं नाव अक्षर अक्षर करून वाचून घेतलं. दोन्ही खोक्यांत औषध एकच होतं, फक्त कंपनी वेगळी. दोन्ही घेऊन गडी बस चालवायला बसला असता तर भर रस्त्यात भोवळ येऊन पडला असता, आणि मागे चाळीस माणसं. बाईंनी डॉक्टरांना बोलावून एक गोळी खोडून घेतली, पुन्हा तिन्ही प्रश्न विचारले आणि दहा एक्केचाळीसला सही केली. यात त्यांना विशेष काही वाटलं नाही. याचसाठी तर तो रकाना होता.

चौदा नंबरवरून बाबा चष्म्यावरून बघत होते.

"हा प्रश्न कुणी ठरवला?"

"मी."

"हं," बाबा म्हणाले.

बाबांचं 'हं' दुर्मीळ होतं. बाईंना ते दिवसभर पुरलं.

गुरुवारी डॉक्टरांनी बाबांना चालायला सांगितलं. बाबा आहाराच्या तक्त्याची मागची कोरी बाजू आणि पेन्सिल घेऊन निघाले, ते लिफ्टने वर गेले आणि दीड तासाने आले. कुठे होतात असं आईने विचारलं तर तिसऱ्या मजल्यावर हवा छान आहे, एवढंच म्हणाले. दुपारी पुन्हा गेले. आईला वाटलं, वरच्या सिस्टर जास्त हसऱ्या असतील.

गुरुवार संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मजल्यावरून एकोणतीस पेशंट घरी गेले होते आणि एकूणएक अकराच्या आत. बाईंचे पाय सुजले होते, आवाज बसला होता, पण हिरव्या फाइलीत एकही काळा डाग नव्हता. तिसऱ्या मजल्याचेही सगळे वेळेत गेल्याचं ठीकठाक हसत सांगत होते. म्हणजे आता शुक्रवारचा दिवस तेवढा राहिला. शुक्रवारी पाच जण घरी जायचे होते, आणि त्यांत चौदा नंबर होता.

चौघांना बाईंनी साडेदहाच्या आत काढलं. बाबांच्या कागदावरची सहावी सही दहा अठ्ठेचाळीसला झाली. आई पिशव्या भरून पायाशी बसली होती. बाबा कपडे करून, भांग पाडून, खाटेच्या कडेला ताठ बसले होते. बाईंनी तीन प्रश्न विचारले. बाबांनी गोळ्यांची नावं, वेळा आणि कंपन्यांची नावंसुद्धा सांगितली, फोन नंबर तोंडपाठ म्हटला. बाईंनी पेन काढलं. घड्याळात दहा एक्कावन्न झाले होते.

बाबांनी कागदावर तळहात ठेवला.

"तुझं माझं नातं काय?"

"बाबा, आत्ता नको."

"लाल फाइल. कलम सहा."

बाईंचं पेन हवेतच राहिलं. कलम सहा त्यांनीच लिहिलं होतं, तीन वर्षांपूर्वी. भांडारातल्या एका कारकुनाने साध्या सर्दीसाठी आपल्या मेहुण्याला स्वतंत्र खोलीत अकरा दिवस ठेवून घेतलं होतं, त्यानंतर. कोणताही कर्मचारी आपल्या नातेवाइकाच्या कोणत्याही कागदावर सही करणार नाही. 'कोणत्याही' हा शब्द दोनदा घालण्याचा आग्रहही त्यांचाच. पाच दिवस बाप त्याच मजल्यावर पडलेला आणि हे त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण नियम लाल फाइलीत होता आणि डोकं हिरव्या फाइलीत. दुसऱ्या कुणाला सही करता येत नव्हती, कारण ती सोय त्यांनीच ठेवली नव्हती. नेमणूक करायची तर संचालकांचा लेखी हुकूम हवा, आणि संचालक ऑपरेशन थिएटरमध्ये कुणाच्या तरी खुब्याचा सांधा बदलत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची तरी कुणाकडे?

मोठ्या सिस्टर पुढे आल्या. हळूच म्हणाल्या, बाई, करा सही, आम्ही कुणी काही बघितलं नाही. वॉर्डातल्या दोघी नर्सा खरंच खिडकीबाहेर बघायला लागल्या.

दहा चोपन्न.

"बाबा, हात काढा. कुणाला कळणार आहे?" बाई म्हणाल्या.

बोलल्या आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. त्या भांडारातल्या कारकुनाने चौकशीत नेमकं हेच विचारलं होतं.

"मला कळेल," बाबा म्हणाले. "मी माझ्या सख्ख्या मेहुण्याचा काटा सील केला होता. तुझी आई आठ महिने माझ्याशी बोलली नाही."

"नऊ," आई पिशवीकडे बघत म्हणाली.

बाईंना रडू येत होतं आणि संतापही येत होता. सोळा वर्षं या माणसाने आपल्या कामाला काम म्हटलं नाही. आज त्या कामातला एक नियम त्याने वाचला, आणि तो आपल्यावरच चालवला. एका सहीची गोष्ट. सही केली की चौतीसपैकी चौतीस. त्यांनी पेन टोपणात घातलं. मोठ्या सिस्टरांना म्हणाल्या की थिएटरला निरोप द्या, साहेब बाहेर आले की एक हुकूम हवा. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि त्याही बसल्या. अकरा वाजले. आईने पिशवी उघडून पुन्हा एकदा भरली.

वाट बघता बघता बाबांनी अभिप्रायाचा छापील कागद मागितला. तो भरून झाल्यावर आणखी कोरे कागद मागितले. बाईंनी दिले. त्यांना तेव्हा भिंतीकडे बघण्याखेरीज काही सुचत नव्हतं.

संचालक अकरा चाळीसला आले, डोक्यावर हिरवी टोपी तशीच. सगळं ऐकून घेतलं, बाईंकडे प्लॅस्टरच्या नजरेने पाहिलं आणि म्हणाले, मीच करतो. पण सही करायला गेले तर बाबांनी त्यांनाही थांबवलं. आधी तीन प्रश्न विचारा. संचालकांनी विचारले. बाबांनी घाई न करता सगळी उत्तरं पुन्हा दिली, कंपन्यांच्या नावांसकट. अकरा सत्तेचाळीस झाले. बाईंनी वेळ लिहिली आणि उशिराच्या कारणात लिहिलं, 'धोरणातील चूक. चूक करणारी व्यक्ती: धोरण अधिकारी.' अक्षर नेहमीपेक्षा जास्तच सुबक आलं होतं. मन जड झालं की त्यांचं अक्षर चांगलं येतं.

शनिवार-रविवार बाई बाबांकडे फिरकल्या नाहीत. काम आहे म्हणून फोनवर सांगितलं. आईला कळलं, पण तिने ताणलं नाही. नऊ महिन्यांचा अनुभव होता.

सोमवारी समिती बसली. संचालक, दोन डॉक्टर, मोठ्या सिस्टर आणि समोरासमोर दोन उमेदवार. टेबलावर दोन आकडे मांडलेले होते. दुसरा मजला, चौतीसपैकी तेहतीस. तिसरा मजला, अडतीसपैकी अडतीस, आणि प्रत्येकाची वेळ दहा पंचावन्न. ठीकठाक कॉलर सारखी करत होते. नेहमीसारखं इतिवृत्त बाईच लिहीत होत्या. आपला पराभव आपल्याच अक्षरात लिहायची वेळ दर माणसावर येत नाही.

संचालकांनी निकालाला हात घालण्याआधी मोठ्या सिस्टरांनी एक जाड पाकीट पुढे सरकवलं. पेशंटचा अभिप्राय आहे, म्हणाल्या, आणि नियमाप्रमाणे वाचावा लागेल. नियम कुणाचा, हे सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी बाईंनीच घातला होता की एका पानाहून मोठा अभिप्राय समितीपुढे शब्दशः वाचला जाईल. सहा वर्षांत लोकांनी 'चहा थंड' यापलीकडे लिहिलं नव्हतं, त्यामुळे तो कधी वापरावा लागला नाही. हा अभिप्राय अकरा पानांचा होता.

वाचायचं काम धोरण अधिकाऱ्याचं. बाईंनी पाकिटावरचं अक्षर ओळखलं, आतली पानं अर्धी बाहेर काढली आणि तशीच टेबलावर ठेवली.

"मला वाचता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पेशंट माझे वडील आहेत. कलम सहा."

"मी वाचतो," ठीकठाक म्हणाले. पहिल्या ओळीवर त्यांची नजर पडली होती आणि पहिली ओळ त्यांना फार आवडली होती.

त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. संबंधित अधिकाऱ्याने सातव्या सहीला पर्याय ठेवलेला नाही, हा गंभीर दोष आहे. संबंधित अधिकारी आजारी पडल्यास सारा मजला अडकून पडेल. भेटीच्या वेळा दोन ठिकाणी वेगवेगळ्या आहेत. संबंधित अधिकाऱ्याची अनुक्रमणिका तर अत्यंत ढिसाळ आहे. ठीकठाक प्रत्येक वाक्यानंतर किंचित थांबून बाईंकडे बघत होते. बाई मान खाली घालून सगळं इतिवृत्तात उतरवत होत्या. बापाने लेकीची एवढी चिरफाड भर समितीत करावी, हे डॉक्टर लोकांनाही बघवेना.

चौथ्या पानावर बसड्रायव्हर आला. दोन खोकी, एक औषध, चाळीस प्रवासी. सहा सह्यांना जे दिसलं नाही ते सातवीला दिसलं, अशी नोंद होती. ठीकठाकांनी हे पान जरा भरभर वाचलं. पाचव्या पानावर त्यांचा वेग पुन्हा कमी झाला, पण आता कारण वेगळं होतं.

"'मी एकतीस वर्षं वजनं तपासली. वापरातलं वजन झिजतं, थोडं का होईना कमी भरतं. ज्या दुकानात एकूणएक वजन नव्यासारखं अचूक निघतं, तिथे तपासनिसाला दाखवायचा संच वेगळा आणि गिऱ्हाइकाचा वेगळा असतो. दुसरा संच शोधावा लागतो. तिसऱ्या मजल्यावरचा दुसरा संच...'" ठीकठाक थांबले.

"शब्दशः," संचालक म्हणाले.

"'...दुसरा संच जिन्याजवळच्या खिडकीपाशी बाकांवर बसलेला आहे.'"

पुढची पाच पानं तक्ता होता. ठीकठाकांना तोही वाचावा लागला. गुरुवारी सात जण, सकाळच्या आणि दुपारच्या फेरीची मोजदाद वेगळी. कोण, कोणत्या खाटेचा, कागदावर घरी कधी गेला, बाकावरून प्रत्यक्षात कधी उठला. दहा पंचावन्न, दुपारी अडीच. दहा पंचावन्न, दुपारी सव्वातीन. एका आजोबांनी बाकावर मांडीत ताट घेऊन जेवण केलं, ते जेवणही नोंदलेलं होतं. अडतीस जणांना दहा पंचावन्नला खाटेवरून उठवून बाकावर बसवलं की मजला रिकामा, आणि औषधं, कागद, समजावणं हे सगळं मग सावकाश. एवढीच ती पद्धत होती.

ठीकठाकांनी घसा साफ केला. ते पेशंट प्रतीक्षेत होते, म्हणाले, पण नियमाच्या दृष्टीने घरी गेलेले होते. संचालकांनी टेबलावरचा फोन उचलला आणि तिसऱ्या मजल्याच्या सिस्टरला विचारलं की आत्ता खिडकीपाशी किती जण बसलेत. अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. पलीकडून उत्तर आलं आणि ते सगळ्यांना ऐकू आलं. नऊ. ताटं पाठवायची आहेत का, असंही पलीकडून विचारलं गेलं.

संचालकांनी फोन ठेवला. दोन्ही मजले आजपासून बाई बघतील, म्हणाले, उपप्रशासक म्हणून. पहिलं काम, सातव्या सहीला पर्याय लिहा. दुसरं, अनुक्रमणिका.

बाईंचं पेन थांबलं. कधीची पाहिलेली वाट अशी अचानक संपली की माणसाला आधी शंका सुचतात, आनंद मागाहून. त्या म्हणाल्या, "सर, हा माझ्या वडिलांचा अभिप्राय आहे. उद्या कुणी म्हणेल की घरच्या माणसाच्या शब्दावर..."

"बाई, तुमच्या वडिलांनी तीन पानं तुमची तक्रार केली आहे," संचालक म्हणाले. "आणि खिडकीपाशी कोण बसलंय ते मला सिस्टरने सांगितलं. पुढे वाचा हो, शेवटचं पान राहिलंय."

शेवटचं पान म्हणजे मूळ छापील कागदच होता. त्यात तळाशी एक रकाना होता, बाईंनीच कधीतरी घातलेला. 'इस्पितळातील कर्मचाऱ्याशी आपले नाते असल्यास नमूद करावे.' लोक तो कोराच सोडत. ठीकठाकांनी तो वाचला, आता अगदी साध्या, उतरलेल्या आवाजात.

"'संबंधित अधिकारी माझी धाकटी मुलगी आहे. ती इथे काय काम करते हे मला सोळा वर्षं माहीत नव्हतं. विचारणाऱ्यांना मी 'दवाखान्यात असते' एवढंच सांगत आलो. पाच दिवस खाटेवर पडून मी तिचं काम पाहिलं. ते चोख आहे. इतकी वर्षं चुकीचं सांगितलं ही चूक माझी, मुलीची नव्हे. तशी नोंद व्हावी.'"

मोठ्या सिस्टरांनी पदर नाकाला लावला. डॉक्टरांपैकी एकाने चष्मा पुसायला घेतला. संचालकांनी बाईंकडे पाहिलं आणि विचारलं, नोंद घेताय ना?

बाईंनी पेन खाली ठेवलं. समोरची वही त्यांना नीट दिसत नव्हती, पण कारण त्यांनी वेगळंच सांगितलं.

"मला घेता येणार नाही, सर," त्या म्हणाल्या. "कलम सहा."

आणि त्यांनी वही ठीकठाकांकडे सरकवली.